हस्तिदंती

आमच्या घरात भांडणं फार नाहीत, पण जी आहेत ती कैरीच्या लोणच्यासारखी मुरलेली आहेत. त्यांतलं सगळ्यात जुनं पाच बटणांचं. १९९४ साली आजी गेली, तिच्या तेराव्याच्या दिवशी ते सुरू झालं. मी तेव्हा नववीत होतो. मोठ्या माणसांच्या भांडणात नववीतल्या मुलाला जे काम असतं तेच मला होतं, म्हणजे "तू बाहेर जा रे" असं सांगितल्यावर दाराआड उभं राहणं.

बटणांची हकीकत अशी. आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, एका छोट्या संस्थानच्या दप्तरात कारकून होते. संस्थान कोणतं ते सांगणाऱ्यावर अवलंबून. आजी औंध म्हणायची, आत्या जत म्हणते, आणि आईचं मत असं की ऐकणाऱ्याने इतक्या खोलात शिरू नये. तर एकदा म्हणे अण्णांचं मोडी अक्षर पाहून राजेसाहेब इतके प्रसन्न झाले की त्यांनी अंगातला कोट काढून अण्णांच्या खांद्यावर टाकला. कोटाला पाच बटणं, आणि पाचही हस्तिदंती. पुढे १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, राजेसाहेबांचं राज्य गेलं, अण्णांची नोकरी गेली, कोट कसरीने खाल्ला. बटणं तेवढी राहिली. दुसऱ्यांच्या घरी तलवारी असतात, सनदा असतात. आमच्या घराण्याचा दरबारी इतिहास म्हणजे पाच बटणं, प्रत्येकी चार भोकं.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर आजीची ट्रंक उघडली गेली. आत्या म्हणाली, "बटणं आईने मला द्यायची कबूल केली होती."

आई म्हणाली, "वन्सं, केली असतील. पण घरातली वस्तू घरात राहावी असं मला वाटतं."

"म्हणजे मी घरातली नाही?"

लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या ह्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसतं. असती ती फक्त शांतता, आणि तिच्यात कुणीतरी पाणी प्यायला उठतो. बाबा उठले. पाणी पिऊन परत आले आणि म्हणाले, "तीन-दोन करा." बाबा महसूल खात्यात होते. तिथे सगळे तंटे पोटहिश्श्याने मिटतात अशी समजूत आहे. आईकडे तीन आली, आत्याकडे दोन गेली. एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण त्या दिवसापासून आत्या आमच्याकडे कधी जेवली नाही. चहा घ्यायची. दिवाळीत चिवडा नुसता हातात घेऊन बसायची. जेवायची वेळ झाली की तिला घरी कुणीतरी येणार असल्याचं आठवायचं. २००९ साली बाबा शेवटचे आजारी होते तेव्हा ती रोज त्यांच्यासाठी मऊ भात घेऊन दवाखान्यात यायची, आणि आमचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे असताना दुपारी कँटीनमध्ये पाववडा खायची. बाबांना ते दिसत होतं. त्यांनी एकदा मला नुसतं विचारलं, "ती जेवली का रे?" मी म्हटलं, "हो." वडा हे जेवण आहे असं त्या वेळी मी स्वतःला समजावलं होतं.

हे सगळं पुन्हा उकरायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीच्या आधी माळ्यावरून खाली आलेला एक डबा. डबा डालड्याचा, पिवळा रंग बराचसा उडालेला, त्यावरचं झाड मात्र शाबूत. आत आईची बटणं. आमच्या घरात शर्ट कधी एकदम मरत नसे. आधी त्याची कॉलर उलटली जाई, मग तो घरात घालायचा होई, मग गावी जाताना घालायचा होई, आणि शेवटी त्याचं फरशी पुसायचं फडकं होई. फडकं होण्याच्या आदल्या क्षणी आई त्याची बटणं कापून घेई, गळ्यातलं आधी काढून ठेवतात तशी. माझ्या आधीच्या तीन पिढ्यांचे शर्ट, बंड्या, झंपर आणि परकर त्या डब्यात बटणरूपाने विश्रांती घेत होते.

मी बटणं मोजली. १,१३७ भरली. आयुष्याची वीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर काढल्यावर समोर ढीग आला की तो मोजल्याशिवाय राहवत नाही. मोजल्यावर लावून ठेवायला घेतली आणि तिथे पहिला वाद झाला. सौ. म्हणाली, रंगावरून लावा. आमची कन्या कॉलेजात जाते, तिने भोकांवरून लावली: दोन भोकांची, चार भोकांची, आणि भोक नसून मागे कडी असलेली. मी बी. कॉम. आमच्या शास्त्रात माल खरेदी किमतीला किंवा बाजारभावाला, जे कमी असेल त्याला धरायचा असतो. त्या हिशेबाने अख्ख्या डब्याची किंमत शून्य आली आणि लावालावीचं कामच उरलं नाही.

आईने मात्र चष्मा लावून सरळ माणसांवरून ढीग घालायला सुरुवात केली. "हे तुझ्या बाबांच्या लग्नातल्या शर्टाचं. हे तुझं, पहिलीतल्या गणवेशाचं. हे कमलमावशीच्या झंपराचं, ती आली आणि तिचं तुटलं." ह्या पद्धतीत अडचण एकच. ती फक्त आईलाच येते. आई नसेल त्या दिवशी सगळा माल पुन्हा एका ढिगात जाणार.

म्हणून मी शास्त्राकडे वळलो. जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात मला बटणांवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. विकणाऱ्याने ते शिवणकामात ठेवलं होतं. ते वाचून कळलं की जगात बटणं जमवणारी माणसं केवढी आहेत! अमेरिकेत तर त्यांची राष्ट्रीय संस्था १९३८ सालापासून आहे. बटण कशाचं आहे हे ओळखणं त्यांच्या लेखी पहिलं काम. रंग, भोकं, मालक हे सगळं नंतर. ओळखायच्या रीतीही फार घरगुती असतात. शिंपल्याचं बटण गालाला लावलं की गार लागतं, प्लॅस्टिकचं लागत नाही. काचेचंही गार लागतं, पण ते दातांवर हळूच वाजवलं की टणटणतं. सेल्युलॉइडचं गरम पाण्यात बुडवून हुंगलं की कापराचा वास येतो, कारण ते कापूर घालूनच बनवतात. बॅकेलाइटला दवाखान्यासारखा वास येतो. हाडाच्या बटणावर भिंगातून बारीक काळपट ठिपके दिसतात. जिवंतपणी त्यांतून रक्त वाहत असतं.

चार संध्याकाळी मी बटणं गालाला लावत, दातांवर वाजवत आणि हुंगत बसलो. शेजारचे जोशी दार उघडं पाहून आत आले, क्षणभर उभे राहिले, आणि "नंतर येतो" म्हणून गेले. नंतरही आले नाहीत.

पण मिळकत चांगली झाली. शिंपल्याची बटणं दोनशेच्या वर निघाली. बिहारमध्ये चंपारण भागात मेहसी म्हणून गाव आहे, तिथे नदीतल्या शिंपल्यांची बटणं बनवण्याचा धंदा शंभर वर्षांच्या वर चालत आलेला आहे. आमच्यातली काही तिकडचीच असावीत. अमेरिकेत मस्कॅटिन म्हणून नदीकाठचं गाव आहे. तिथे एका जर्मन माणसाने १८९१ साली नदीच्या शिंपल्यांची बटणं पाडायला सुरुवात केली आणि १९०५ साली एकट्या त्या गावाने दीड अब्ज बटणं काढली. मग शिंपले संपत आले, पुढे प्लॅस्टिक आलं, आणि सगळं आटोपलं. एक निळं काचेचं बटण निघालं. ते कुणाचं होतं हे आईने सांगायचं नाकारलं. आणि चौदा बटणं निघाली हाडाची, पणजोबांच्या बंड्यांची! आमचे पणजोबा कांदा खाणाऱ्याची सावली अंगावर पडू देत नसत. ते जन्मभर छातीवर गुरांची हाडं लावून संध्या करत होते. आईला सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्यांना माहीत नव्हतं ना? मग लागत नाही."

हे वाक्य मी त्या वेळी हसून सोडून दिलं. पुढे ते माझ्याच गळ्यात येणार होतं.

डबा संपल्यावर शास्त्रज्ञाची नजर साहजिकच देवघराखालच्या खणाकडे गेली. तिथे रेशमी चिंधीत आईची तीन हस्तिदंती बटणं. खरं सांगायचं तर थोडी भीतीही होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे, घरात असलेल्या हस्तिदंतालाही मालकीचा दाखला लागतो. राजेसाहेबांनी कोट खांद्यावर टाकला तेव्हा खिशात दाखला टाकला नव्हता. म्हणजे बटणं खरी निघाली तर वनखातं आणि खोटी निघाली तर आत्या, अशी माझी अवस्था. दोहोंत वनखातं परवडलं.

खऱ्या हस्तिदंताला भिंगाखाली रेघा दिसतात. दात आडवा कापलेला असेल तर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते, उभा कापला असेल तर लांबट रेघा. आमच्या बटणांवर काहीच नव्हतं. ना जाळी, ना रेघ, ना हाडाचे ठिपके. नुसतं गुळगुळीत, सायीच्या रंगाचं. आता एकच परीक्षा उरली होती. सुई तापवून बटणाच्या पाठीला टोचायची आणि वास घ्यायचा. ती करू नये असं पुस्तकात ठसठशीत छापलेलं होतं. एक तर सेल्युलॉइड असलं तर पेट घेतं. दुसरं म्हणजे कशाचंही असलं तरी डाग राहतो. बटण खरं आहे की खोटं हे कळतं, पण कळेपर्यंत ते बिघडलेलं असतं.

मी टोचली. शहाणा माणूस इथे थांबला असता हे मला आज कळतं.

सुई आत गेली. हस्तिदंतात ती अशी जात नाही. बारीकसा धूर आला, आणि मी नाक पुढे करतो तोच आतून सौ.चा आवाज आला, "अहो, दूध करपलं का बघा!" ती स्वतःच धावत स्वयंपाकघरात गेली. शेगडी बंद होती. दूध फ्रिजमध्ये होतं. बाहेर येऊन तिने नाक वर करून माग काढला तो माझ्या हातातल्या सुईपर्यंत.

निकाल तिनेच दिला होता. बटणं दुधाची होती. हो, दुधाची. साय काढलेलं दूध नासवून त्यातला चोथा दाबायचा, फॉर्मॅलिनमध्ये आठवडेच्या आठवडे मुरवायचा, की त्याची घट्ट पाटी होते. मग ती लेथवर कापायची. जर्मनीत १८९९ साली ह्याचं पेटंट घेतलं गेलं. त्याला गॅलॅलिथ असं ग्रीक नाव दिलं. अर्थ, दुधाचा दगड. ह्या दगडाला कोणताही रंग छान चढे. शिंग म्हणा, कासवाची पाठ म्हणा, हस्तिदंत म्हणा, तो सगळ्यांची सोंगं घेई. बटणांच्या धंद्यात पुढची तीस-चाळीस वर्षं त्याची चलती होती. राजेसाहेबांचा कोट म्हणजे, थोडक्यात, पाच ठिकाणी नासलेल्या पनीरने लावलेला होता. की कोट राजेसाहेबांचा नव्हताच? अण्णांनी कुठल्याशा पेठेत रोख पैसे मोजून तो घेतला असेल आणि आजीला किंमत सांगायची भीती वाटून राजेसाहेबांना मध्ये घातलं असेल. नवरे अजूनही असं करतात. मी स्वतः एक छत्री ऑफिसातून भेट मिळाल्याचं सांगितलेलं आहे.

मग मुख्य प्रश्न आला. आता सांगायचं कुणाला?

आमच्या धंद्यात ह्या प्रश्नाला जागा नाही. काउंटरवर खोटी नोट आली की रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. ती ठेवून घ्यायची, तिच्यावर खोटी असल्याचा शिक्का मारायचा, रजिस्टरात नोंद करायची, आणणाऱ्याला पावती द्यायची. आणि काही झालं तरी नोट परत द्यायची नाही. परत दिली तर ती चालवण्यात आपलाच हात आहे असं धरतात. एकदा एक भाजीवाले बाबा पाचशेची नोट घेऊन आले. खोटी होती. मी शिक्का मारला. ते म्हणाले, "साहेब, मी छापली का ती?" मी म्हटलं, "नाही बाबा, पण नियम आहे." त्यांनी पावती घेतली, चार घड्या घालून टोपीत ठेवली आणि विचारलं, "ही कुठं चालंल?" त्या दिवशी डबा उघडून मी तसाच बंद केला.

तरी नियम बरोबर आहे, हे मी त्या बाबांसमोरही म्हटलं असतं. दया येऊन नोट परत दिली तर ते ती दुसऱ्या कुणा गरिबाला देणार. खोटेपणा पुढे सरकतो, त्याचा फटका शेवटी ज्याच्या हातात सापडते त्याला बसतो. मग बटण वेगळं कसं? आईची तीन बटणं उद्या माझ्या मुलीकडे जाणार, हस्तिदंती म्हणून. आत्याची दोन तिच्या नातीकडे जाणार, हस्तिदंती म्हणून. आणि मधल्या काउंटरवर बसलेला माणूस मी. मला माहीत आहे.

घरात मतं घेतली. कन्या म्हणाली, "बरंच झालं की! हत्ती मेला नाही." हे तिसाव्या वर्षी पहिल्यांदाच कुणीतरी हत्तीच्या बाजूने बोललं. सौ.चं म्हणणं, एकदाचं सांगून टाका, म्हणजे भांडणाचं कारणच संपेल. दोघी हसतील आणि मोकळ्या होतील.

सौ.चं म्हणणं ऐकायला सोपं वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर अवघड वाटायला लागलं. समजा मी आत्याला सांगितलं की बाई, ती दुधाची होती. म्हणजे मी तिला काय सांगितलं? की भाऊ दवाखान्यात असताना तू कँटीनमध्ये वडे खाल्लेस ते नासलेल्या दुधासाठी. तीस दिवाळ्या तू चिवडा हातात घेऊन बसलीस तो एका जर्मन पेटंटसाठी. हस्तिदंतासाठी भांडलो, असं म्हणायला माणसाला थोडी तरी मान वर करता येते. राजघराण्यात हेच चालतं. पण नासलेल्या दुधासाठी भांडलो, हे घेऊन म्हातारपणी कुठे जायचं? ती पावती कुठं चालंल?

उलट बाजूनेही पाहिलं. हिशेबाची दुसरी बाजू पाहायची सवय आहे. भांडण हस्तिदंताचं होतंच कुठे? तेराव्याच्या दिवशी आत्याने जो प्रश्न विचारला त्यात हत्ती नव्हता. तो प्रश्न बटण पितळेचं असतं तरी तोच राहिला असता, आणि आम्ही सगळे पाणी प्यायलाच उठलो असतो. मग बटण खोटं निघालं म्हणून तिचा राग खोटा ठरतो का? आणि ठरत नसेल तर बटण कशाचं आहे हे सांगून मी कोणती मोठी खरी गोष्ट सांगणार होतो? इथपर्यंत आलो की मला वाटायचं, आपण सोयीचं तत्त्वज्ञान करतो आहोत. खोटी नोट परत घेऊन जाणारा प्रत्येक जण खिडकीत असंच काहीतरी सुंदर बोलतो. मग पुन्हा पहिल्यापासून. "त्यांना माहीत नव्हतं, मग लागत नाही" हा आईचा निकाल पणजोबांना लागू होता. मला नव्हता.

एका गोष्टीचा मात्र आधार होता. खोट्या नोटांच्या नियमात एक पोटनियम आहे. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा आल्या तर महिन्याअखेर सगळ्यांचा एकत्र अहवाल पोलिसांकडे जातो. पाच किंवा अधिक आल्या तर मात्र लगेच एफआयआर. आमची बटणं तीन आणि दोन. बाबांनी जाताना आम्हाला पोटनियमाच्या आत बसवून ठेवलं होतं.

दिवाळी झाली आणि आत्याचा फोन आला. ती आता ७८ वर्षांची आहे. घर बंद करून नाशिकला मुलाकडे राहायला जाणार होती. "रविवारी येते," ती म्हणाली. "दोन बटणं आहेत ती घेऊन येते. आमच्याकडच्या नातीला बटणं म्हटलं तर मोबाइलची वाटतात. तुझ्या मुलीला होतील. पाच एका जागी राहू देत." आणि थोडं थांबून म्हणाली, "वहिनींना सांग, जेवायला येते."

फोन ठेवल्यावर मी आईला सांगितलं. तिने कसलाच चेहरा केला नाही. फक्त म्हणाली, "बासुंदी करू."

रविवारी सकाळी मी बँकेच्या कॅलेंडरचं भारनियमन वाचत होतो (असं काही नसतं, पण मी काय करत होतो हे मला आठवत नाही) आणि घरभर करपलेल्या दुधाचा वास सुटला. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, कुणीतरी परीक्षा घेतली. धावत आत गेलो. बासुंदी बुडाला लागली होती. आईसारखी बाई, साठ वर्षं चुलीशी उभी, आणि तिची बासुंदी लागली!

आत्या आली. बरोबर कुंकवाचा जुना करंडा, त्यात कापसावर दोन बटणं. आईने चिंधी सोडून तीन काढली. कन्येने तिच्या नव्या कोटीला शिंप्याकडून पाच काजं करून घेतली होती. काज हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, त्यांच्या भाषेत कासा म्हणजे घर. हे मी त्या वेळी सर्वांना सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही. पाच बटणं ताटलीत एकत्र पडली, त्यांचा आवाज झाला, आणि मला पोटनियम आठवला. एका व्यवहारात पाच.

मी घसा खाकरला. खरंच खाकरला. वाक्य तयार होतं, "आत्या, एक गंमत आहे..." असं सुरू होणारं. पण आत्या बटणं बोटांनी उलटीसुलटी करत स्वतःशीच बोलायला लागली होती. "आई कोट धुवायच्या आधी ही काढून ठेवायची बरं का वहिनी. दर वेळी काढायची, दर वेळी लावायची. मी विचारलं तर म्हणायची, गरम पाणी सोसत नाही यांना."

दुधाच्या बटणांना गरम पाणी सोसत नाही हे पुस्तकात आहे. ती पाणी पितात, फुगतात, चकाकी जाते. आजीने पुस्तक वाचलं नव्हतं. मग तिला कसं माहीत? एकदा धुऊन पाहिलं असेल. की अण्णांनी सांगितलं असेल, आणि सगळंच सांगितलं असेल? माझं वाक्य घशातच राहिलं.

"हस्तिदंत फार नाजूक," आत्या मला समजावून म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

पानं वाढली. आत्या आमच्या घरात भिंतीला टेकून बसली, १९९४ नंतर पहिल्यांदा. तिने बासुंदीचा पहिला घास घेतला. लागल्याचा वास अख्ख्या घराला येत होता, तिला येत नसणं शक्य नव्हतं. ती म्हणाली, "छान झालीय."

जेवणं झाल्यावर आई कोटी मांडीवर घेऊन बटणं लावायला बसली. चार लावून झाली. पाचवं हातात घेतलं, सुईत दोरा ओवला, बटण उलटं केलं आणि थांबली. तिने ते उजेडाकडे धरलं. पाठीवरच्या चार भोकांच्या मधोमध पाचवं, काळ्या कडेचं, ताजं. चष्म्यावरून तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"काय झालं वहिनी?" आत्याने विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली, आणि ते बटण तिने सगळ्यात खाली, जिथे कुणी पाहत नाही तिथे लावलं. मग दातांनी दोरा तोडून म्हणाली, "वन्सं, बासुंदी बांधून देते थोडी. नाशकाला न्या."